डॅक बदलला की आवाज खरंच बदलतो का?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, आकडे तसेच ठेवले आहेत.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावरून केलाय. त्याचे काका कोल्हापूरला असतात, नुकतेच रिटायर झालेत, आयुष्यभर शास्त्रीय संगीत ऐकत आलेत. घरी चांगला ॲम्प्लिफायर आहे, माणसाच्या कमरेएवढे उंच स्पीकर आहेत. आता एका विक्रेत्याने त्यांना दोन लाख ऐंशी हजारांचा डॅक दोन आठवडे घरी वापरून बघायला दिलाय. पहिल्याच संध्याकाळी काका म्हणाले, "तानपुरा आता खोलीत वाजतोय." एफडी मोडायचीही तयारी आहे. पुतण्या विचारतो: आधीचा डॅक बारा हजारांचा होता. दोघांत खरंच एवढा फरक असतो, की काकांना नुसतं तसं वाटतंय?

आधीच सांगतो, काकांना "तुम्हाला भास होतोय" असं म्हणू नका. एक तर ते उद्धटपणाचं आहे, आणि दुसरं म्हणजे ते बहुतेक चूकही आहे. काकांनी फरक ऐकलाय. प्रश्न एवढाच की तो फरक आला कुठून. डॅकमधून आला, की आवाज थोडा मोठा झाला म्हणून आला, की किंमत माहीत होती म्हणून आला? ही कारणं वेगळी करता येतात. घरच्या घरी, एका मल्टिमीटरवर आणि दोन संध्याकाळींत. आज तेच करूया.

डॅक म्हणजे नेमकं काय

डॅक म्हणजे डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर. फाइलमध्ये आकडे असतात, स्पीकरला हवं असतं व्होल्टेज. आकड्यांचं व्होल्टेज करणारा तो डॅक. तुमच्या फोनमध्ये एक आहे, टीव्हीत आहे, लॅपटॉपमध्ये आहे. आणि ब्लूटूथ इअरबड्स वापरत असाल तर डॅक तुमच्या कानात बसलेला आहे! ब्लूटूथवरून फक्त डिजिटल डेटा जातो, त्याचं व्होल्टेज इअरबडच्या आत होतं. म्हणजे फोनचा डॅक कितीही भारी असला तरी ब्लूटूथवर ऐकताना तो कामाला येतच नाही. "भारी डॅकवाला फोन" घेऊन त्याला टीडब्ल्यूएस जोडणाऱ्या मित्रांनी कृपया नोंद घ्यावी.

सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, आणि प्रत्येक आकडा १६ बिटचा, म्हणजे ६५,५३६ शक्य पातळ्यांपैकी एक. इथे सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र येतं: जिन्याच्या पायऱ्यांसारखी लाट. मग वाटतं, महागडा डॅक त्या पायऱ्या घासून गुळगुळीत करत असेल. पण डॅकमधून बाहेर येणाऱ्या सिग्नलमध्ये अशा पायऱ्या नसतात. सॅम्पलिंगच्या निम्म्यापेक्षा कमी फ्रीक्वेन्सीची कुठलीही लाट त्या आकड्यांवरून पूर्णपणे परत मिळते, हे नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावाने ओळखलं जाणारं गणित आहे. ४४,१०० चं निम्मं २२,०५०, आणि माणसाचा कान तरुणपणी साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. डॅकमधला फिल्टर निम्म्याच्या वरचं सगळं काढून टाकतो, उरते ती सलग लाट. ऑग व्हॉर्बिस हा फॉरमॅट बनवणाऱ्या ख्रिस माँटगोमेरीने जुन्या ॲनालॉग ऑसिलोस्कोपवर हे थेट करून दाखवलंय, त्याचा व्हिडिओ शोधून नक्की बघा.

आता थोडा इतिहास, कारण आजचा वाद तिथूनच सुरू झाला. १९८२ मध्ये सीडी आली तेव्हा सोनीच्या पहिल्या प्लेअरमध्ये, सीडीपी-१०१ मध्ये, १६ बिटचा एकच डॅक होता आणि तो डाव्या-उजव्या चॅनेलसाठी आळीपाळीने वापरला जायचा. फिलिप्सच्या प्लेअरमध्ये १४ बिटचे दोन डॅक होते, पण फिलिप्सने चौपट वेगाने आकडे तयार करून गोंगाट ऐकू न येणाऱ्या भागात ढकलला आणि जवळपास १६ बिटचं काम काढून घेतलं. या युक्तीला ओव्हरसॅम्पलिंग आणि नॉइज शेपिंग म्हणतात. त्या काळी डॅक बनवणं खरंच कठीण होतं, प्लेअर-प्लेअरमध्ये मोजण्यासारखा फरक असायचा. "डॅकने आवाज बदलतो" ही समजूत तेव्हा रुजली. आता चाळीसहून जास्त वर्षं झालीत, आणि फिलिप्सची ती युक्ती आज पाचशे रुपयांच्या डोंगलमध्येही असते.

बाजारातल्या तीन जाती

हाय-एंड दुकानात गेलात तर तीन प्रकार दिसतील.

पहिला, डेल्टा-सिग्मा चिपवाला. जपानची एकेएम, अमेरिकेच्या ईएसएस आणि सिरस लॉजिक अशा कंपन्या चिप बनवतात आणि बाकीचे लोक त्याभोवती पॉवर सप्लाय, आउटपुट स्टेज आणि डबा बनवतात. बहुतेक डॅक याच जातीचे.

दुसरा, आर-टू-आर. यात नेमक्या किमतीच्या रेझिस्टरची शिडी असते आणि प्रत्येक बिट एक पायरी चालू-बंद करतो. चीनच्या डेनाफ्रिप्स आणि होलो ऑडिओ यांचे डॅक यात प्रसिद्ध आहेत. रेझिस्टर अगदी अचूक लागतात म्हणून खर्च वाढतो.

तिसरा, चिपऐवजी एफपीजीए वापरून स्वतःचं फिल्टर लिहिणारा. इंग्लंडच्या कॉर्ड कंपनीचे डॅक असे असतात. त्यांच्या 'डेव्ह' या मॉडेलच्या फिल्टरमध्ये १,६४,००० टॅप्स आहेत. टॅप म्हणजे फिल्टरच्या गणितातला एक गुणाकार. आमच्या कोडच्या भाषेत सांगायचं तर लूप खूप लांब आहे.

जाहिरातीत भर नेहमी चिपच्या नावावर असतो. तर चिपबद्दल एक घटना सांगतो. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला मोठी आग लागली आणि त्यांच्या चिप मिळेनाशा झाल्या. अनेक कंपन्यांना आपली मॉडेल्स ईएसएसच्या चिपवर नव्याने बसवावी लागली. जर्मनीच्या आरएमई कंपनीचा एडीआय-२ डॅक हा त्यातलाच. आधी एकेएम, नंतर ईएसएस, नाव तेच, डबा तोच. चिप म्हणजेच आवाज असता तर हे असं चाललं नसतं. भोवतीचं सर्किट नीट असेल तर चिप हा एक सुटा भाग आहे, बास.

आकडे आणि कान

मोजमाप करणारे लोक एक आकडा वापरतात, सिनॅड. मूळ सिग्नलच्या तुलनेत गोंगाट आणि विकृती मिळून किती डेसिबल खाली आहे, ते तो सांगतो. जास्त तेवढं चांगलं. आजचा साधा टेबलावरचा डॅकही ११० ते ११५ डेसिबल सहज देतो, वरचे १२० च्या पुढे जातात.

आता हे कानाला लावून बघू. समजा तुमच्या खोलीत सर्वांत मोठा सूर १०० डेसिबलला पोचतोय. हे शेजारी दार वाजवतील एवढं मोठं आहे. डॅकचा सिनॅड ११५ असेल तर त्याची घाण उणे १५ डेसिबलवर असेल. ऐकू येण्याची सीमा साधारण शून्याला असते, आणि रात्रीच्या शांत खोलीतला आवाज, पंखा बंद ठेवूनही, ३० च्या आसपास. म्हणजे ती घाण खोलीच्या शांततेच्याही ४५ डेसिबल खाली पुरलेली आहे. १२० चा डॅक घेतला तर ती ५० डेसिबल खाली जाईल. मोजमापाच्या यंत्रावर हे खरंच चांगलं काम आहे, मी इंजिनिअर म्हणून दाद देतो. पण या पाच डेसिबलसाठी कानाला पैसे मागायचे असतील तर कानाकडे बिलच नाही.

मग काकांनी ऐकलं ते काय?

संशयिताचं नाव व्हॉल्यूम.

आवाज थोडा मोठा झाला तर आपल्याला तो "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलं होतं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्जातले सूर कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ते भरभर वर येतात. म्हणून अर्धा डेसिबल वाढला तरी डग्गा भरदार होतो, तानपुऱ्याच्या तारांची झार स्पष्ट होते, गायक जवळ आल्यासारखा वाटतो. रिव्ह्यूमध्ये "पडदा उठला" म्हणतात ना, ते बऱ्याचदा हेच.

आणि दोन डॅक एकाच पातळीवर क्वचितच असतात. साध्या आरसीए आउटपुटचा प्रघात २ व्होल्टचा. पण कोणी २.१ देतो, कोणी २.५. २.१ म्हणजे ०.४ डेसिबल जास्त, २.५ म्हणजे जवळपास २ डेसिबल जास्त. बॅलन्स्ड, म्हणजे तीन पिनांचं एक्सएलआर आउटपुट, सहसा ४ व्होल्ट देतं, ते सरळ ६ डेसिबल जास्त! जुना डॅक आरसीएने आणि नवा एक्सएलआरने जोडला तर अनेक ॲम्प्लिफायरवर नवाच जिंकतो. मग तो कितीचाही असो.

दुसरा संशयित म्हणजे आपली स्मरणशक्ती. आवाजातले बारकावे डोक्यात काही सेकंदच टिकतात. केबल काढून, दुसरी लावून, सोफ्यावर बसेपर्यंत ते उडून गेलेले असतात. मग त्या रिकाम्या जागी काय भरतं? किंमत, डब्याचं वजन, विक्रेत्याचं बोलणं. यात काकांचा दोष नाही, मेंदू असाच चालतो. तुमचा-माझाही.

घरी तपासायचं कसं

पेन घ्या.

पायरी एक: जोडणी. दोन्ही डॅक एकाच वेळी चालू हवेत. स्ट्रीमरला किंवा सीडी प्लेअरला ऑप्टिकल आणि कोॲक्सियल अशी दोन्ही आउटपुट असतील तर सहसा दोन्हींतून एकदमच सिग्नल येतो. एका डॅकला ऑप्टिकल द्या, दुसऱ्याला कोॲक्सियल. दोन्ही डॅक आरसीए केबलने ॲम्प्लिफायरच्या दोन वेगळ्या इनपुटना जोडा. आता रिमोटच्या एका बटणावर डॅक बदलतो, केबलला हात लावायचा नाही.

पायरी दोन: आवाज समान करणं. २०० हर्ट्झचा साधा टेस्ट टोन लावा. स्पीकरच्या मागे, जिथे वायर जोडतात, तिथे मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून मोजा. दोन प्रोब एकमेकांना टेकू देऊ नका, नाहीतर ॲम्प्लिफायरच जायचा. इथे एक गोम आहे: बाजारातल्या सर्वांत स्वस्त मीटरमध्ये एसीची सगळ्यात लहान रेंजच २०० व्होल्टची असते, त्याला दशांशाच्या पुढचं दिसत नाही. दोन व्होल्टपर्यंत तीन दशांश दाखवणारा मीटर हवा. २०० हर्ट्झच का? कारण साधे मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे बरोबर असतीलच असं नाही.

व्हॉल्यूम असा ठेवा की एका डॅकवर दीड व्होल्टच्या आसपास येईल. मग दुसरा डॅक त्याच आकड्यावर आणा. यासाठी जास्त आवाज देणाऱ्या डॅकला स्वतःचा व्हॉल्यूम हवा. लक्ष्य ०.१ डेसिबल, म्हणजे साधारण सव्वा टक्का. एक १.५०० दाखवत असेल तर दुसरा १.४८३ ते १.५१७ च्या मध्ये हवा. डॅकचा व्हॉल्यूम अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने बदलत असेल तर जास्तीत जास्त पाव डेसिबलची चूक उरेल. तेवढं चालवून घ्या, पण वहीत लिहून ठेवा. दोन्ही स्पीकरवर मोजा.

अनेकांचा फरक इथेच संपतो. पडदा परत खाली येतो. पण संपला नाही तर पुढे चला.

पायरी तीन: डोळे बंद. म्हणजे काकांचे डोळे नाहीत, डब्यांचे. डॅकवर चादर टाका, ॲम्प्लिफायरच्या डिस्प्लेवर कागद चिकटवा. पुतण्याने आधीच सोळा वेळा नाणं उडवून निकाल लिहून ठेवायचे: छापा म्हणजे जुना, काटा म्हणजे नवा. मग प्रत्येक फेरीत काकांना तीन गोष्टी मागता येतात: "जुना लाव", "नवा लाव" आणि "गुपित लाव". हव्या तितक्या वेळा, हवा तितका वेळ. शेवटी काकांनी सांगायचं, गुपित कोणतं होतं. या पद्धतीला एबीएक्स म्हणतात.

आता आमच्या धंद्यातली सवय: टेस्ट कुठून लीक होतेय ते बघा. इनपुट बदलताना रिलेचा टिक आवाज येतो. बदल झालाच नाही तर टिक येणार नाही आणि काकांना उत्तर कळेल. म्हणून प्रत्येक वेळी आधी तिसऱ्या रिकाम्या इनपुटवर जा आणि मग हव्या त्यावर. मोठ्या फिल्टरवाला डॅक थोडा उशिरा वाजतो, त्यामुळे गाणं चालू असताना बदललं तर उडी ऐकू येते. म्हणून गाणं थांबवा, बदला आणि त्याच जागेपासून परत लावा. आणि पुतण्याने काकांच्या मागे उभं राहायचं, कारण आपला चेहरा सगळं सांगतो.

सोळापैकी बारा बरोबर आले तर ते नुसत्या नशिबाने होण्याची शक्यता ३.८ टक्के. म्हणजे काकांना खरंच काहीतरी ऐकू येतंय, ते गंभीरपणे घ्या. आठ-नऊ आले तर ते नाण्यासारखंच झालं. दहाच फेऱ्या करायच्या असतील तर नऊ बरोबर हवेत. आठवर फसू नका, दहापैकी आठ किंवा जास्त नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता साडेपाच टक्के असते. एका दमात सोळा फेऱ्या करू नका, कान थकतो. आज आठ, उद्या आठ. आणि गाणं काकांच्या आवडीचं, त्यांना पाठ असलेलं घ्या. आलापीची सुरुवात उत्तम, तानपुरा एकटा ऐकू येतो.

एक लक्षात ठेवा: आठ बरोबर आले म्हणजे जगात फरकच नाही असं सिद्ध होत नाही. या माणसाला, या खोलीत, या रेकॉर्डिंगवर तो सापडला नाही, एवढंच कळतं. पण पैसेही याच माणसाचे आणि याच खोलीसाठी आहेत ना!

इतरांनी तपासलंय का?

हो. २००७ मध्ये ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक प्रयोग छापला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा उच्च दर्जाचा सिग्नल एकदा सरळ ऐकवला आणि एकदा मध्ये १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची जास्तीची फेरी घालून. म्हणजे सिग्नलला आकडे बनवून परत व्होल्टेज केलं, एक पूर्ण डॅक वाढवला. पातळी जुळवलेली, ओळख लपवलेली. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर उत्तर आलं. अर्ध्याला एक कमी! फरक फक्त तेव्हा कळला जेव्हा अगदी शांत जागी आवाज खूपच वाढवला, कारण तेव्हा १६ बिटचा गोंगाट ऐकू यायला लागला.

दुसरी बाजूही सांगतो. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीतल्या जोशुआ रीस यांनी असे १८ प्रयोग एकत्र केले, साडेबारा हजारांहून जास्त उत्तरं. बरोबर उत्तरांचं प्रमाण निघालं ५२.३ टक्के. लहान आहे, पण नुसत्या योगायोगाने येईल त्यापेक्षा जास्त, आणि आधी सराव दिलेल्या लोकांत ते बरंच वाढलं. हा अभ्यास हाय-रेझोल्यूशन फाइल आणि सीडी दर्जाबद्दल होता, दोन डॅकबद्दल नव्हे. तरी त्यातून एक गोष्ट घ्यायला हवी: काही कान, सराव करून, काही वेळा सूक्ष्म फरक पकडतात. फक्त तो "तानपुरा खोलीत आला" एवढा मोठा नसतो.

फरक खरा असतो तो इथे

नाहीतर तुम्ही म्हणाल, सगळे डॅक सारखेच, विषय संपला. तसं नाहीये. चार जागा सांगतो.

पहिली, घूं. कॉम्प्युटरला यूएसबीने डॅक जोडला आणि स्पीकरमधून घूं किंवा माउस हलवला की चरचर येते. हा बहुतेक वेळा ग्राउंड लूप असतो. महागडा डॅक घ्यायच्या आधी ऑप्टिकल केबल लावून बघा. त्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे तो रस्ताच तुटतो.

दुसरी, फिल्टर नसलेले डॅक. 'नॉन-ओव्हरसॅम्पलिंग', म्हणजे एनओएस. काही आर-टू-आर डॅकमध्ये हा पर्याय असतो. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलवर त्यात १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला तीन डेसिबलहून थोडी जास्त घट होते, हे गणितच आहे. "ॲनालॉगसारखा मऊ आवाज" म्हणतात तो काही प्रमाणात इथून येतो. आवडला तर जरूर घ्या, पण एवढं काम ट्रेबल थोडा कमी करूनही होतं.

तिसरी, खूप मोठ्या आवाजात मास्टर केलेली गाणी. फाइलमधले आकडे कमाल पातळीला टेकलेले असतात आणि दोन आकड्यांमधली खरी लाट त्याच्याही वर जाते. डॅकच्या फिल्टरमध्ये जागा नसेल तर ती कापली जाते. अमेरिकेच्या बेंचमार्क कंपनीने आपल्या डॅकमध्ये यासाठी साडेतीन डेसिबलची जागा मुद्दाम सोडली आहे. बाकीच्यांसाठी फुकटचा उपाय: प्लेअर ॲपमधला व्हॉल्यूम तीन-चार डेसिबल खाली घ्या.

चौथी जागा तुमच्या-माझ्यासारख्या फोनवाल्यांची: हेडफोन आउटपुट. इथे आउटपुट इम्पिडन्स बघायचा. समजा तुमच्या आयईएमचा इम्पिडन्स एका फ्रीक्वेन्सीला ८ ओहम आणि दुसऱ्या ठिकाणी ३० ओहम आहे. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर असलेल्या आयईएममध्ये असं होतं. जॅकचा इम्पिडन्स १० ओहम असेल तर त्या दोन ठिकाणांत साडेचार डेसिबलचा फरक पडतो. तेच इअरफोन, पण आवाज पूर्ण बदलला! १ ओहम असेल तर फरक पाऊण डेसिबलच. म्हणून साधा नियम: जॅकचा इम्पिडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशापेक्षा कमी हवा. हा आकडा स्पेसिफिकेशनमध्ये शोधा, तो चिपच्या नावापेक्षा जास्त उपयोगी आहे.

अँड्रॉइडवाल्यांसाठी अजून एक: फोन सहसा सगळे आवाज एकत्र करून ४८ किलोहर्ट्झला आणतो आणि मग डॅककडे पाठवतो. यूएसबी डॅकला फाइल जशीच्या तशी देण्याची सोय अँड्रॉइड १४ पासून सिस्टीममध्ये आली, पण ॲपने ती वापरायला हवी.

खोली नावाचा सर्वांत मोठा डॅक

खरं तर डॅक नाही, पण आवाज सर्वांत जास्त तीच बदलते. दहा बाय बारा फुटांची खोली घ्या. बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्झला लाट अडकून घुमते, दहा फुटांमध्ये ५६ ला. छतही दहा फुटांवर असेल तर तेही ५६ लाच घुमतं, म्हणजे दोन घुमे एकावर एक चढतात. तिथे आवाज दहा डेसिबलने वर जाऊ शकतो आणि खुर्ची दोन फूट सरकवली की तेवढाच खाली. डॅक-डॅकमधला फरक डेसिबलच्या दहाव्या हिश्शात मोजतात, आणि हा अख्ख्या दहामध्ये!

म्हणून माझं सरळ मत: टेस्टमध्ये बारा बरोबर आले नाहीत तर दोन लाख ऐंशी हजार एफडीतच राहू द्या. त्यातले थोडे खोलीवर घाला. जाड गालिचा, जड पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट. स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे. मोजायचं असेल तर यूमिक-१ सारखा मोजमापाचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. आणि हो, डॅक देखणा आहे, त्याचा नॉब फिरवायला मजा येते, रिमोट चांगला आहे, म्हणून घ्यायचा असेल तर तेही कारण आहे. आपण मनगटी घड्याळ काही फक्त वेळ बघायला घेत नाही. फक्त "आवाजासाठी" म्हणून घेत असाल तर आधी आवाजालाच विचारा.

तुमच्याकडे दोन डॅक असतील, अगदी फोनचा जॅक आणि एक डोंगल असेल तरी, आठवड्याभरात ही टेस्ट करून बघा. आउटपुट मीटरने समान करा, मित्राला बदलायला सांगा, सोळा फेऱ्या घ्या. किती बरोबर आले ते कळवा. आकडा कमी आला तरी पाठवा, उलट तेच जास्त कामाचे. पुढच्या भागात स्पीकर कुठे ठेवायचे आणि खुर्ची कुठे, याबद्दल बोलू. तोवर ऐकत राहा, आणि व्हॉल्यूमवर लक्ष ठेवा!